फ्रेंचचे वरचे वर्ग बंद करणाऱ्या विद्या परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू महोदय आणि विद्या परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
इंदूर

सविनय नमस्कार.

ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत, वर्ग रिकामे असताना, भाषा विभागाच्या फलकावर एक सूचना लागली. येत्या सत्रापासून फ्रेंचच्या डिप्लोमाला आणि ॲडव्हान्स्ड डिप्लोमाला नवे प्रवेश नाहीत. बी.ए.ला फ्रेंच हा मुख्य विषय घेता येणार नाही. राहील तो फक्त प्रारंभिक अभ्यासक्रम, तोही दोन क्रेडिटचा आणि रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांवर चालणारा. कारण एका ओळीत उरकले आहे : वरच्या स्तरांवर अपुरी विद्यार्थीसंख्या.

विद्यापीठाचे नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांच्या टेबलावरून ही सूचना सही होऊन गेली त्यांना पत्र कोणासाठी आहे ते कळेल. आणि शहरातल्या बाकीच्या विद्यापीठांनीही ते वाचावे, कारण अशी कल्पना एकाला सुचली की दुसऱ्याला सुचायला वेळ लागत नाही.

मी याच विभागाची माजी विद्यार्थिनी. घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, आणि बी.फार्म.ला आल्यावर इंग्रजीशी झटापट. इंदूरच्या पुष्कळ मराठी घरांतली मुले याच वाटेने येतात. पिथमपूरच्या एका औषध कंपनीत नोकरी करता करता मी संध्याकाळच्या वर्गात आधी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा आणि शेवटी ॲडव्हान्स्ड डिप्लोमा केला. आज कंपनीच्या निर्यात विभागात फ्रेंच कागदपत्रे माझ्या हाताखालून जातात. पॅरिसचा यात काही संबंध नाही. आमची औषधे सेनेगल, आयव्हरी कोस्ट, बेनिन, टोगो अशा देशांत जातात. तिथे औषधाच्या नोंदणीची फाइल, खोक्यावरचा मजकूर आणि आतले माहितीपत्रक फ्रेंचमध्ये लागते. मालीने 2023 च्या नव्या राज्यघटनेत फ्रेंचचा अधिकृत भाषेचा दर्जा काढून घेतला, तरी कामकाजाची भाषा म्हणून ती ठेवलीच.

या कामात काय लागते याचे एकच उदाहरण देते. फ्रेंचमध्ये दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो. आपण अर्धा मिलिग्रॅम 0.5 असा लिहितो, ते 0,5 असा लिहितात. आणि आपण हजार लिहिताना 1,000 असा जो स्वल्पविराम देतो, तो तसाच फ्रेंच पत्रकात गेला तर वाचणाऱ्याला तिथे एक दिसू शकतो. हजार मिलिग्रॅम कुठे आणि एक मिलिग्रॅम कुठे! हे आम्हाला वरच्या वर्गात, व्यापारी पत्रव्यवहार शिकवताना, बाईंनी फळ्यावर लिहून दाखवले होते. हल्ली भाषांतराचा पहिला खर्डा यंत्र करते, मीही करून घेते. पण तो तपासून त्याखाली सही करणारा माणूस 'माझे नाव अमुक, मी इंदूरला राहतो' एवढ्या फ्रेंचवर भागवू शकत नाही.

आता तक्रारी. क्रम महत्त्वाप्रमाणे आहे, सोयीप्रमाणे नाही.

सर्वांत मोठी तक्रार अशी की जे तुम्ही ठेवले आहे ते भाषेचे शिक्षणच नव्हे. कौन्सिल ऑफ युरोपने 2001 मध्ये भाषाज्ञानाची जी चौकट प्रसिद्ध केली तिचे सहा स्तर आहेत : ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2. आपल्याच माहितीपुस्तिकेत वर्षानुवर्षे याच स्तरांची नावे छापली जात होती. ए1 म्हणजे स्वतःची ओळख, वेळ विचारणे, दुकानात काही मागणे. ए2 ला काल काय केले ते सांगता येते. बी1 ला आपले म्हणणे कारणांसकट मांडता येते, प्रवासात अडचण आली तर निभावता येते. बी2 ला एखाद्या मुद्द्यावर वाद घालता येतो, आणि फ्रान्समधली विद्यापीठे फ्रेंच माध्यमातल्या पदवीच्या प्रवेशाला साधारणपणे हाच स्तर मागतात. सी1 चे काम आणखी वेगळे. तिथल्या दाल्फ या फ्रेंच सरकारच्या परीक्षेत एकाच विषयावरचे वेगवेगळे लेख समोर ठेवतात आणि सुमारे 220 शब्दांत त्यांचे एकत्र सार लिहायला सांगतात, स्वतःचे मत एका शब्दानेही न घालता. (हे शेवटचे फ्रेंचमध्ये जड जाते की स्वभावामुळे, ते मला अजून ठरवता आलेले नाही.)

तासांचा हिशेब करून पाहा. ए1 पुरा व्हायला शिकवण्याचे साठ ते शंभर तास लागतात, हा जगभर मानला जाणारा ढोबळ अंदाज आहे. बी2 पर्यंत पोचायला एकूण साडेपाचशे ते साडेसहाशे. दोन क्रेडिट म्हणजे व्याख्यानांचे तीस तास. म्हणजे तुमचा नवा अभ्यासक्रम ए1 च्या जेमतेम अर्ध्यावर संपतो, आणि तरी प्रमाणपत्रावर 'फ्रेंच' असे छापले जाणार. ते प्रमाणपत्र घेऊन मुलगा मुलाखतीला गेला, समोरच्याने फ्रेंचमध्ये दोन वाक्ये बोलली, तर त्याची जी फजिती होईल ती विद्यापीठाच्या खाती जमा धरावी.

आणि इथेच माझे म्हणणे तुमच्या निर्णयाच्या अगदी उलट आहे. सुरुवातीचे फ्रेंच आज कुठेही मिळते. मोबाईलवर फुकट मिळते, खासगी क्लासमध्ये पैसे देऊन मिळते, भोपाळला आलियाँस फ्राँसेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे. विद्यापीठावाचून जे अडते ते वरचे : निबंध तपासणारे कोणी, चुकीचा उच्चार दहाव्यांदा थांबवणारे कोणी, कादंबरीतल्या एका परिच्छेदावर तासभर वाद घालू देणारे कोणी. बी1 नंतर स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत. बोललेले समोरच्याला कळते, म्हणून बरोबर आहे असे वाटत राहते. त्या टप्प्यावर शिक्षक लागतो, आणि नोकरी करणाऱ्या, हिंदी माध्यमातून आलेल्या मुलीला परवडणाऱ्या फीमध्ये तो शिक्षक फक्त विद्यापीठात भेटत होता. काहीतरी बंदच करायचे होते, तर खालचा वर्ग बंद करून वरचे ठेवले असते तरी मला समजू शकले असते. तुम्ही जे बाजारात ढिगाने मिळते ते ठेवले आणि जे कुठेच मिळत नाही ते काढले.

आता विद्यार्थीसंख्या. वरच्या वर्गात मुले कमी होती, हे मी नाकारत नाही. कोणत्याही भाषेच्या वरच्या वर्गात ती कमीच असणार. पण ती एवढी कमी का झाली, याचा विचार परिषदेत झाला असेल असे सूचनेवरून वाटत नाही, म्हणून आम्ही जे पाहिले ते सांगते. संध्याकाळचा वर्ग दुपारी दोनला नेला. डिप्लोमाला येणारे बहुतेक जण नोकरीवाले. पिथमपूरहून किंवा सुपर कॉरिडॉरच्या ऑफिसातून दुपारी दोनला कोण येणार? सर्टिफिकेटचा निकाल इतका उशिरा लागायचा की तोवर डिप्लोमाच्या प्रवेशाची मुदत उलटलेली असे. अतिथी विद्वानांच्या नेमणुका सत्र सुरू होऊन बराच काळ गेल्यावर होत, आणि तोपर्यंत वर्गात कोणी येत नसे. आधी बाके रिकामी होतील अशी व्यवस्था करायची आणि मग ती मोजून अहवाल लिहायचा, याला संख्येचे कारण म्हणता येत नाही.

अतिथी विद्वानांबद्दल थोडे अधिक. आम्हाला ज्यांनी शिकवले त्या बाई तासाप्रमाणे मानधनावर होत्या, दर वर्षी नव्याने अर्ज करून. त्यांनी एक गोष्ट केली जी मला इतर कुठे दिसली नाही. त्या फ्रेंच व्याकरण इंग्रजीवरून शिकवत नसत, मराठी-हिंदीवरून शिकवत. निर्जीव वस्तूला लिंग असते हे इंग्रजी माध्यमाच्या मुलांना पचत नव्हते, आम्हाला त्याचे काहीच वाटले नाही. आपल्याकडे तर तीन आहेत, तिथे दोनच. मोठ्यांशी कसे बोलायचे, बरोबरीच्यांशी कसे, हेही सांगावे लागले नाही. फ्रेंच भूतकाळात कर्म क्रियापदाच्या आधी आले की क्रियारूप त्या कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते, हा नियम पुस्तकात दीड पान खातो. बाईंनी फळ्यावर 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' लिहिले आणि पुढे गेल्या. अशी शिकवण्याची पद्धत वर्षानुवर्षांच्या अनुभवाने तयार होते. दर वर्षी माणूस बदलायचा, किंवा त्याच माणसाला जुलैत घरी बसवून सप्टेंबरात बोलवायचे, या कारभारात ती टिकत नाही. रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानात तर ती असूच शकत नाही, कारण ते व्याख्यान कोणासाठी आहे हेच त्याला ठाऊक नसते.

परीक्षेविषयी. देल्फ या फ्रेंच सरकारच्याच, दाल्फच्या खालच्या स्तरांच्या परीक्षा 1985 पासून चालू आहेत. त्यांत ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चारही गोष्टींना प्रत्येकी 25 गुण असतात. एकूण 100 पैकी 50 मिळवावे लागतात आणि कोणत्याही एका भागात पाचपेक्षा कमी पडले तर बाकीचे गुण कितीही असोत, नापास. आमच्याकडे तोंडी परीक्षा एक वर्ष परीक्षक आले नाहीत म्हणून टळली, आणि मग टळतच राहिली. तिच्या जागी लेखी पेपरात 'दोन मित्रांमधील संवाद लिहा' असा प्रश्न आला. ऐकण्याच्या भागासाठी घेतलेले हेडफोन कपाटात होते. कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते आम्हाला कधी कळले नाही. भाषेच्या परीक्षेत तोंड न उघडता पहिला वर्ग मिळवता येतो, ही गोष्ट बाहेर सांगताना आम्हालाच लाज वाटते.

मधल्या मध्ये अडकलेल्या मुलांचे तर कोणी नावच काढले नाही. ज्यांनी यंदा सर्टिफिकेट पुरे केले, ज्यांचा डिप्लोमा नुकताच झाला, त्यांना प्रवेश देताना तीन टप्प्यांचा पुरा अभ्यासक्रम दाखवला होता. त्यांनी आता काय करायचे, यावर सूचनेत एक शब्द नाही.

आणखी एक मुद्दा आहे, तो कदाचित परिषदेतल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना माझ्यापेक्षा चांगला मांडता येईल. फ्रेंच ही आपल्या शहराला अगदी परकी भाषा नाही. 1793 मध्ये लाखेरीला शिंदे-होळकरांची लढाई झाली, तेव्हा तुकोजीराव होळकरांच्या कवायती पलटणींवर द्यूद्रनेक हा फ्रेंच अधिकारी होता. माणिकबाग राजवाडा महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 च्या दशकात सजवला, त्यातले बरेच सामान रुलमानसारख्या पॅरिसच्या कारागिरांकडून आले. 1980 मध्ये त्यातले पुष्कळ मोनाकोच्या लिलावात गेले. 2019 साली पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने याच महाराजांवर मोठे प्रदर्शन भरवले. वास्तूत आज केंद्रीय अप्रत्यक्ष करांचे कार्यालय आहे, आणि तिच्याविषयीचे बरेचसे लेखन फ्रेंचमध्ये आहे. मराठ्यांच्या इतिहासाची तर गोष्टच वेगळी. पुदुच्चेरीची फ्रेंच वसाहत उभी करणाऱ्या फ्रान्स्वा मार्तँच्या आठवणींत शिवाजी महाराजांच्या 1677 च्या कर्नाटक मोहिमेच्या काळातल्या नोंदी आहेत. सतराव्या शतकातले फ्रेंच वाचायला ए1 चालत नाही. मुंबई विद्यापीठाने 1958 मध्ये प्रा. हातळकरांचे फ्रेंच-मराठे संबंधांवरचे संशोधन प्रसिद्ध केले, ते शक्य झाले कारण ते फ्रेंच वरपर्यंत शिकले होते. इंदूरमधून पुढचा असा अभ्यासक निघावा अशी इच्छा असेल, तर त्याने फ्रेंच कुठे शिकावे?

आमच्या ओळखीतले काही ज्येष्ठ म्हणाले, 'अहो, इथे मराठी टिकवताना नाकी नऊ येतात, तुम्ही फ्रेंचसाठी कुठे भांडता?' त्यांचे दुःख मला समजते. पण संख्येचा हाच न्याय एकदा मान्य केला, तर पुढच्या सुट्टीत तो मराठीला, संस्कृतला, फारसीला लागू करायला कोण अडवणार? होळकर दरबाराचे कागद मोडीत आणि फारसीत आहेत. तिथल्या वर्गातही बाके भरलेली नसतात.

सरकारी धोरण तुमच्या निर्णयाच्या बाजूने आहे असेही म्हणता येत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवायच्या परदेशी भाषांत फ्रेंचचे नाव आहे, आणि मध्य प्रदेशाने हे धोरण 2021-22 च्या सत्रापासून महाविद्यालयांत लागू केले. शाळांत शिकवणारे शिक्षक मग कुठून यायचे? तीस तासांच्या प्रमाणपत्रातून? फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जानेवारी 2024 मध्ये, 2030 पर्यंत वर्षाला 30,000 भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये घेण्याचे लक्ष्य जाहीर केले. तिथले बरेच अभ्यासक्रम इंग्रजीत असतात, हे खरे. पण फ्रेंच येणाऱ्यालाच तिथल्या सरकारी विद्यापीठांची सगळी दारे उघडी असतात, आणि ती दारे इंदूरच्या मुलांनाही उघडी हवीत.

आमच्या मागण्या अशा :

1. ही सूचना स्थगित करावी आणि विषय विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीत पुन्हा घ्यावा. बैठकीआधी विभागातल्या शिक्षकांचे, अतिथी विद्वानांसकट, आणि आजी-माजी विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकावे.

2. ज्यांनी सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा पुरा केला आहे त्यांना ॲडव्हान्स्ड डिप्लोमापर्यंत जाता येईल, अशी लेखी हमी द्यावी. निर्णय पुढे काहीही होवो, ही मागणी त्यावर अवलंबून नाही.

3. वर्ग पुन्हा संध्याकाळी भरवावेत. सहानंतर कधीही चालेल.

4. वरच्या वर्गांना संख्या खरेच अपुरी असेल तर एक वर्षाआड प्रवेश द्यावेत. दोन वर्षांचे विद्यार्थी एकत्र आले की वर्ग भरतो. यासाठी नवा खर्च लागत नाही. आणि किती संख्या म्हणजे पुरेशी, हे आधी जाहीर करावे; ते एका वर्षावरून न ठरवता तीन वर्षांच्या सरासरीवरून ठरवावे.

5. प्रत्येक अभ्यासक्रमापुढे शिकवण्याचे तास आणि त्यातून गाठायचा स्तर छापावा. तीस तासांच्या अभ्यासक्रमाला ए1 म्हणू नये.

6. तोंडी आणि श्रवणाची परीक्षा पुन्हा सुरू करावी, चारही भागांना सारखे गुण ठेवून. आणि ते कपाट उघडावे.

7. फ्रेंचसाठी किमान एक नियमित पद भरावे. तोवर अतिथी विद्वानांच्या नेमणुका सत्र सुरू होण्याआधी व्हाव्यात.

8. एखादा स्तर ऑनलाइन करायचाच असेल तर तो पहिला करावा, आणि त्यातून वाचलेले शिक्षकांचे तास वरच्या वर्गांना द्यावेत.

रागाने किंवा कोणाला कमी लेखण्यासाठी यातले काहीही लिहिलेले नाही. परिषदेतल्या काही सदस्यांकडे मी स्वतः शिकले आहे आणि त्यांच्याविषयी आदर आहे. बैठकीला बोलावलेत तर आम्ही काही माजी विद्यार्थी आमच्या कामाची कागदपत्रे घेऊन येऊ. त्यांत औषधांची माहितीपत्रके आहेत, एका हॉटेलचा पत्रव्यवहार आहे, आणि आमच्यातली एक जण शाळेत फ्रेंच शिकवते तिच्या वर्गाच्या वह्या आहेत. उत्तर मात्र लेखी द्यावे. मराठीत द्या, हिंदीत द्या. फ्रेंचमध्ये दिलेत तरी ते वाचू शकणारे तूर्त या शहरात आहेत.

आपली विश्वासू,
फ्रेंच विभागाची एक माजी विद्यार्थिनी
लोकमान्य नगर, इंदूर